तानाजीचे घड्याळ : एक कालनिर्णय

मराठ्यांच्या इतिहासावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. तरीही आमच्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात जो कोंढाण्याचा जिवंत देखावा होतो, त्यात तानाजी मालुसऱ्यांच्या डाव्या मनगटावर जे घड्याळ दिसते, त्याकडे एकाही पूर्वसूरीचे लक्ष गेलेले नाही. ही उणीव भरून काढणे प्रस्तुत लेखकाला भाग पडले, कारण निवृत्तीनंतर त्याला दुसरे काम नाही.

प्रथम पूर्वपक्ष. हे घड्याळ म्हणजे निव्वळ कालविपर्यास, असे गावातले इतिहासाचे मास्तर म्हणतात. वरवर पाहता ते बरोबर आहे. कोंढाण्यावरची ती रात्र ४ फेब्रुवारी १६७० ची. लंबकाचे घड्याळ हॉयगन्सने १६५६ मध्येच तयार केले होते हे खरे, पण तो हॉलंडात आणि तानाजी उमरठ्यात. आपल्याकडे वेळ मोजायची ती घटिकापात्राने. बुडाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती चोवीस मिनिटांनी बुडाली की एक घटका झाली. असे साधन मनगटावर बांधून कडा चढणे मर्दासही जमणारे नाही. आमच्या तानाजीचे घड्याळ एचएमटीचे आहे आणि त्या कंपनीचा बंगळूरचा घड्याळांचा कारखाना १९६१ चा. म्हणजे विपर्यास झालाच, तर तो किमान २९१ वर्षांचा.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना जिवंत देखावा कळलेलाच नाही. देखाव्यात बोलायचे नसते. संवाद, घोड्यांच्या टापा, तोफा आणि निवेदकाचा खर्जातला आवाज हे सगळे आधीच स्टुडिओत भरून आणलेले असते. पात्रांनी फक्त ओठ हलवायचे आणि मरायचे. एक खेळ अठरा मिनिटांचा, म्हणजे बरोबर पाऊण घटकेचा. गौरी गेल्या की सुरू करून रोज रात्री चार-पाच खेळ लावतात, त्यामुळे उदयभान अनंत चतुर्दशीपर्यंत पंचवीसेक वेळा मरतो. गड बांबू आणि किलतानाचा, वर चुना आणि काव. घोरपड ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची. (समकालीन कागदांत घोरपड सापडत नाही, ती पोवाड्यातून आली, असे मी बैठकीत सांगितले. ‘मग ट्यूबचे पैसे तुम्ही देणार का?’ असे मला विचारण्यात आले. त्या लढाईच्या आधीच्या पत्रातही सिंहगड हे नाव आढळते, हे सांगायचे मग मी टाळले.)

आता मुख्य प्रश्न : घड्याळ काढत का नाहीत? विसरतात, हे उत्तर टिकत नाही. मिशी, टोप, पायातला तोडा यांतले काहीही न विसरणारा माणूस घड्याळच कसे विसरेल? तेव्हा मी रंगपटात गेलो. रंगपट म्हणजे सोसायटीच्या खताच्या गोदामाचा मागचा भाग. तानाजी आरशासमोर गोंद वाळायची वाट बघत बसले होते.

“दाजी, घड्याळ तेवढं काढा की.”

“काढू कसं? सासरं फुडंच बसल्यात. लग्नात त्यांनीच घातलंय.”

हे अस्सल साधन. रायबाचे लग्न बाजूला ठेवून जो गडावर निघाला, त्याच्या भूमिकेत शिरूनही या गृहस्थाला स्वतःचे लग्न बाजूला ठेवता येत नाही. यावर मास्तर हसले, मी हसलो नाही. दुसऱ्या रांगेत बसलेला म्हातारा सोळा किलोमीटरवरून जीपने आला होता आणि त्याला सतरावे शतक बघायचे नव्हते.

तथापि घड्याळ दिसते किती वेळ, याचा हिशेब कोणी केला होता? मी तीन रात्री केला. लढाई सुरू झाली की डाव्या हातात ढाल असते, मनगट झाकलेले. पुढे ढाल तुटते आणि तानाजी त्याच हाताला शेला गुंडाळून लढतो, पुन्हा झाकलेले. म्हणजे ज्या शेल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो, तो आमच्या गावी दुहेरी कामाला येतो. उरतो फक्त कडा चढण्याचा प्रसंग. दोर धरायला हात वर गेला की बाही कोपरापर्यंत घसरते आणि हॅलोजनमध्ये काच लखकन चमकते.

नेमका याच क्षणाचा एक फोटो फोटो स्टुडिओवाल्याने मंडळाला मोठा करून, फ्रेमसकट भेट दिला होता. तो कार्यालयात आरतीच्या ताटावर टांगलेला असे. भिंगाने पाहिल्यावर काटे स्वच्छ वाचता आले : दहा वाजून बारा मिनिटे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली ती अशाच एका कागदासाठी, असे त्या क्षणी मला वाटले.

कडा चढणे टेपच्या सहाव्या मिनिटाला येते. तानाजी पडतात चौदाव्याला. म्हणजे तानाजींचे निधन दहा वाजून वीस मिनिटांनी आणि खेळाची समाप्ती दहा चोविसाला. इकडे मंडळाच्या वहीत त्या रात्रीची नोंद ‘आवाज दहाच्या ठोक्याला बंद’ अशी आहे. ज्या रात्री ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत सवलत असते, त्यांपैकी ती रात्र नव्हती.

मी हा निष्कर्ष बैठकीत वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तानाजींच्या मंडळी, ज्या महिला आघाडीच्या खजिनदार आहेत, मागून म्हणाल्या, “ते घड्याळ पंध्रा मिनटं फुडं असतंय. डेरीला उशीर होतोय म्हणून म्याच लावलंय.”

साक्ष महत्त्वाची होती. मी तिथल्या तिथे आकडे दुरुस्त केले. फोटो नऊ सत्तावन्नचा. सभेत हायसे वाटल्याचे आवाज झाले. परंतु सत्याशी प्रतारणा संशोधकाला करता येत नाही. नऊ सत्तावन्नात आठ मिळवले की दहा पाच होतात. दुरुस्तीनंतरही तानाजी दहाच्या आत मरत नाहीत आणि निवेदक तर दहा नऊपर्यंत बोलत राहतो.

अध्यक्षांनी चहा मागवला. चहा झाल्यावर, फ्रेमला वाळवी लागलेली दिसते, काच बदलून आणायला हवी, असे म्हणत त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या मोटारसायकलला अडकवला. या गोष्टीला आता दोन गणपती झाले. काच अजून बदलून आलेली नाही. आरतीच्या ताटावर भिंतीत खिळा मात्र आहे, त्याची नोंद मी घेतली आहे.