आळीतला किल्लेदार

दिवाळीचा किल्ला बांधणारा प्रौढ पुरुष महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आढळतो. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न. व्यवसाय कोणताही चालतो; शिक्षक, विमा प्रतिनिधी, एसटीचा वाहक, तलाठी कार्यालयातला कारकून यांत त्याचे प्रमाण विशेष आहे. घरातला गळका नळ त्याने आजवर स्वतः कधी दुरुस्त केलेला नसतो. बांधकामाची त्याची हौस वर्षातून एकदाच आणि सार्वजनिक जागेतच उफाळून येते. लहानपणी त्याचा किल्ला कोणीतरी मोठ्या माणसाने ताब्यात घेतलेला असतो. तो हिशोब पुढच्या पिढीशी चुकता करायचे काम तो मोठेपणी हाती घेतो.

पुणे, सातारा, कोल्हापूरकडे ही मंडळी उदंड. कोकणात सणाचा सगळा जोर गणपतीतच खर्ची पडतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत उत्साह शिल्लक ठेवणारा माणूस विरळा. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगडात सापडणारा किल्लेदार म्हणूनच अधिक निरखून पाहण्याजोगा आहे. घाटावरचा किल्लेदार माती, दगड आणि भिजवलेल्या गोणपाटावर भागवतो. मंडणगडचा चिरा आणि विटांच्या खाली उतरत नाही. जांभ्याच्या मुलखात मातीच्या ढिगाऱ्याला किल्ला म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते.

हंगाम अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. आळीत कोणाचे बांधकाम निघाले आहे, याची पक्की माहिती या काळात नगरपंचायतीतही नसेल इतकी त्याच्याकडे असते. बांधकामाच्या मालकाकडे तो सहज म्हणून जातो, चहा घेतो, चौकटीच्या लाकडाचे कौतुक करतो आणि उठताना विचारतो, "अण्णा, त्या कोपऱ्यातल्या विटा काय उरलेल्या आहेत का?" विटा उरलेल्या नसतात, लागायच्या असतात. तरी तुळशीच्या लग्नापर्यंत परत करण्याच्या बोलीवर त्या हातगाडीवर चढतात. चिऱ्यांसाठी मात्र कोणाला विचारावे लागत नाही. कोकणात कोणत्याही घराच्या मागच्या बाजूला, कशासाठी आणले होते हे कोणालाच आठवत नाही असे दहा-बारा चिरे असतातच.

त्यानंतर किल्ला कोणता करायचा यावर सभा भरते. मुलांना सभेला बोलावले जाते, कारण स्पर्धेच्या अर्जावर नावे त्यांची असतात. एखादे पोर सिंधुदुर्ग सुचवते, म्हणजे भोवती समुद्र करता येईल. दुसऱ्याला जवळच्या हर्णैचा सुवर्णदुर्ग हवा असतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत तो आहे, हे त्याला शाळेत सांगितलेले असते. बाणकोटचा हिंमतगड तर तालुक्यातलाच, सावित्रीच्या मुखावरचा आणि खराखुरा जांभ्याचा. किल्लेदार सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेतो आणि रायगड ठरतो. तो गेल्या वर्षीही ठरला होता.

मंडणगडात मंडणगड कोणी बांधत नाही. गाव ज्याच्या नावाने ओळखले जाते तो डोंगर मान वर केली की दिसतो, वर दोन तळी आहेत, तटाचे अवशेष आहेत; प्रतिकृतीसाठी मोजमापे घ्यायला एक सकाळ पुरावी. अडचण निराळी आहे. डोक्यावरचा किल्ला केला तर चूक कोणालाही काढता येते. शिवाय बघायला येणारा पहिलाच माणूस "हा कोणता?" असे विचारण्याची दाट शक्यता असते. रायगडाचे तसे नाही. म्हाप्रळ-आंबेतचा पूल ओलांडला की रायगड जिल्हा लागतो, किल्ला तिथून पुढे महाडच्या वर. तरी आळीतले निम्मे लोक तिथे शाळेच्या सहलीत एकदा गेलेले असतात आणि त्यांना तिच्यातली बिस्किटे आठवत असतात. तपासणारा कोणी नाही आणि नाव सर्वांच्या तोंडी, अशी स्थिती कोणत्याही वास्तुविशारदाला हवीहवीशी वाटेल.

पायाभरणी दसऱ्याला होते. शास्त्राप्रमाणे खालच्या थरातल्या दोन विटांचा सांधा वरच्या विटेच्या मध्यावर यायला हवा. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. किल्लेदार सांध्यावर सांधा बसवतो, कारण तसे ते दिसायला सरळ दिसते. चौथ्या थराला तट बाहेर झुकू लागतो. याच सुमारास कामावरून घरी निघालेला एखादा गवंडी सायकल टेकवून उभा राहतो. तो बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, "काका, सांधेमोड ठेवा. आणि ओळंबा लावलात का?"

"शिवकाळात असंच बांधायचे," किल्लेदार मान वर न करता सांगतो.

"म्हणूनच पडलं असेल मग," गवंडी म्हणतो आणि सायकलवर टांग टाकतो.

तो नजरेआड झाल्यावर चारही थर उतरवून सांधेमोड ठेवली जाते. मुलांना सांगण्यात येते की जमीन खचली होती.

खरी परीक्षा बुरुजाची. सरळ तट कोणालाही जमतो. वीट चौकोनी आणि बुरूज गोल, ही भांडणाची जागा. बुरुजाचा घेर मोठा असेल तर विटा आडव्या, केंद्राकडे तोंड करून मांडल्या की बाहेरच्या फटी चिखलाने भरून निघतात. पण दीड फूट व्यासाच्या बुरुजात नऊ इंची वीट अशी मांडली तर आतल्या टोकांना जागाच उरत नाही. खऱ्या किल्ल्यावर पाथरवट दगडच आतल्या बाजूला निमुळता घडवत असे. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात घट्ट होत जातो, हे किल्लेदाराने वाचलेले असते. घरामागचे चिरे वीस पावसाळे पाहून घट्ट झालेले आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. रात्री जेवणानंतर तो चिरा तासायला बसतो. पहिल्या रात्री शेजारी कौतुकाने बघतात. दुसऱ्या रात्री खिडक्या लावतात. तिसऱ्या रात्री बुरूज अष्टकोनी करण्याचा निर्णय होतो, आणि विटा संपत आल्यावर त्याचा चौकोन होतो. चौकोनी बुरुजाला हिरकणीचे नाव दिले की आकाराबद्दल कोणी विचारत नाही. लोकांचे लक्ष गोष्टीकडे जाते.

महादरवाजा मात्र तो जीव ओतून करतो. शिवकालीन दुर्गांवर दरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये, वळणाआड लपवलेला असतो. शत्रूला तो दुरून दिसू नये, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येऊ नये आणि आत शिरणारा वरच्या माऱ्यात सापडावा, असा हा गोमुखी बांधणीचा हेतू. किल्लेदाराचा दरवाजा इतका अस्सल गोमुखी असतो की तो रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. परीक्षकांना दिसावा म्हणून अखेर तिथे बाण काढलेली पाटी लावावी लागते.

प्रमाण हा या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक विषय आहे. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट उंच. आळीतला रायगड पाच फुटी; म्हणजे प्रमाण झाले एकास ५४०. या हिशोबाने साडेपाच फुटी मावळा जेमतेम तीन मिलिमीटरचा, मुंगीएवढा भरायला हवा. बाजारात मिळणारा मातीचा मावळा तीन इंची असतो. उलट मावळा प्रमाण धरला तर किल्ला सुमारे १२३ फूट उंच बांधावा लागेल, त्याला विटा देणारा अण्णा तालुक्यात नाही. हाच पेच परदेशात निराळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी १९६८ मध्ये उघडलेल्या लेगोलँडमध्ये प्लॅस्टिकच्या विटांची आख्खी छोटी गावे आहेत; तिथली घरे आणि माणसे साधारण एकास वीस अशा एकाच मापात बसवतात. त्याच कंपनीने २००८ मध्ये काढलेल्या ताजमहालाच्या संचात ५९०० वर तुकडे होते, आणि प्रत्येक तुकडा कुठे बसायचा हे सांगणारी पुस्तिका सोबत होती. पुस्तिका पाहून बांधण्यात किल्लेदाराला कसलाच पुरुषार्थ वाटत नाही. त्याच्या रायगडावर मावळा एकास बावीस, दरवाजा अंदाजाने आणि गुहेतला प्लॅस्टिकचा वाघ महादरवाजाच्या उंचीचा, अशी तीन प्रमाणे गुण्यागोविंदाने नांदतात.

काळाचेही तसेच. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्या दिवशीचा गड दाखवायचा तर राजवाड्यांवर छपरे हवीत, बाजारपेठेत दुकाने भरलेली हवीत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडाची जी राखरांगोळी केली तिच्यानंतर तिथे मुख्यतः जोती उरली आहेत. आजचा गड दाखवणे त्यामुळे सोपे. विटांचे दोन थर मांडले की काम झाले. किल्लेदार दोन्ही करतो. बाजारपेठ आजची, कारण विटा कमी पडतात; दरबार १६७४ चा, कारण सिंहासनावरची मूर्ती घरात आहे. मुलांच्या आग्रहाखातर दोऱ्यावर काडेपेटी अडकवून रोपवेही सुरू होतो. राज्याभिषेकाला आलेले पाहुणे रोपवेने वर चढताहेत, याचे आळीत कोणाला काही वाटत नाही.

गंगासागर तलावासाठी घरातली परात जाते. तिच्यात नीळ घातलेले पाणी भरतात. वसुबारसेला घरधनीण चकलीची भाजणी मळायला परात शोधते आणि ती रायगडावर सापडते. या विषयावर घरात काय बोलणे होते ते नोंदवलेले नाही. तलाव दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या घमेल्यात हललेला असतो, एवढे दिसते.

डोंगरउतारावर हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. चार-पाच दिवसांत बोटभर उगवते. किल्लेदार घाईने दसऱ्यालाच पेरतो, त्यामुळे धनत्रयोदशीला गडावर घनदाट अरण्य माजून टकमक टोक दिसेनासे होते. कैचीने जंगलतोड करावी लागते. आळीतल्या कोंबड्यांचा गनिमी कावा वेगळाच. त्या पहाटे येतात, पेरलेले टिपतात आणि जाताना बालेकिल्ल्यावर खत टाकून जातात. त्यांच्याविरुद्ध पहाऱ्यावर मुलांना बसवतात. किल्ल्याच्या कामातला मुलांचा वाटा इथे सर्वाधिक असतो. एरवी त्यांना पाणी आणणे, खडी चाळणे आणि "हात लावू नका रे" हे ऐकून घेणे एवढीच कामे असतात. त्यांतली शहाणी पोरे केव्हाच बाजूला होऊन उरलेल्या चिऱ्यांची यष्टी करून क्रिकेट खेळू लागतात. तो चेंडू रोज एकदा तरी नगारखान्यावर बसतो.

सगळ्यात मोठा शत्रू परतीचा पाऊस. ऑक्टोबरच्या अखेरीस दुपारी चारला डोंगरावर ढग जमले की किल्लेदार कामावरून निमित्त काढून निघतो. छप्पर शाकारायला आणलेली, आंबे झाकायची, भाताच्या उडव्यांवर टाकायची अशी सगळ्या प्रकारची प्लॅस्टिके रायगडावर चढतात. शेतात कापलेले भात भिजत असते आणि आळीत चौकोनी बुरूज कोरडा असतो. याबद्दल ज्याचे भात असते तो वर्षभर बोलून दाखवतो. चिखलाचे सांधे एवढे करूनही विरघळतातच. नरकचतुर्दशीच्या पहाटे गाव तुळशीपाशी कारेटे फोडत असते तेव्हा किल्लेदार अंगाला उटणे लावलेल्या अवस्थेत तट लिंपत असतो.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी तो निराळाच माणूस दिसतो. झब्बा, कपाळाला गंध, हातात दुकानातून मागून आणलेला माईक. माहिती तो तोंडपाठ सांगतो: गडाचे जुने नाव रायरी, तो १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतला, बांधकाम हिरोजी इंदुलकरांचे. हिरोजींनी एवढा गड उभा करून आपले नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरले, हे सांगताना त्याचा गळा खरोखर दाटतो. मागे लावलेल्या फ्लेक्सवर त्याचे स्वतःचे नाव फूटभर उंचीच्या अक्षरात असते, फोटोसह. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून बाजारपेठेची जोती उंच ठेवली, ही गाइडांची लाडकी कथाही तो सांगतो. त्याच्या बाजारपेठेत घोडा दुकानाच्या दुप्पट उंच असल्याने ऐकणाऱ्याला ती सहज पटते.

प्रेक्षकांत आजी-आजोबा सिंहासनापुढे हात जोडतात आणि रुपया ठेवतात. मुंबईहून आलेला चाकरमानी फोटो काढतो, पण चेहरा स्वतःचा येईल आणि गड मागे राहील अशा बेताने. एखादा ट्रेकर मात्र येतोच. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघतो आणि म्हणतो, "दादा, टकमक टोक या बाजूला नाहीये." किल्लेदार त्याला किल्ल्याच्या मागे नेतो आणि तिथून बघायला सांगतो. मागून पाहिले की टोक बरोबर बाजूला येते.

परीक्षक तिघे असतात: एक चित्रकलाशिक्षक, एक इतिहासाचे जाणकार आणि एक ज्यांनी बक्षिसे दिली ते. चित्रकलाशिक्षकांना प्रमाण खटकते, जाणकारांना रोपवे. बक्षीस देणाऱ्यांना चहा आवडतो. पहिला क्रमांक पलीकडच्या वाडीतल्या चौथी-पाचवीच्या पोरांना जातो. त्यांनी मातीचा, वेडावाकडा, कसलेच नाव नसलेला किल्ला केलेला असतो आणि त्यावर सव्वाशे मावळे लढत असतात. किल्लेदाराला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर नावे मुलांची असल्यामुळे तक्रार कोणाच्या नावाने करावी हा प्रश्न उरतो. परीक्षकांना अंधारात दरवाजा दिसला नाही, असे तो पुढचे चार दिवस भेटेल त्याला सांगतो. पाटी होती, याची आठवण कोणी करून देत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अण्णांचा निरोप येतो. गवंडी येऊन बसला आहे, विटांवाचून काम अडले आहे. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जातात, चिरे पुन्हा घरामागे जातात आणि विटा चिखल धुऊन हातगाडीवर चढतात. अण्णा स्वतः उभे राहून मोजून घेतात. संख्या तंतोतंत भरते, कारण फुटलेल्या विटांचे दोन्ही तुकडे किल्लेदाराने वेगवेगळे मोजलेले असतात.