स्वच्छ, सुंदर भुताटकी

१९९९च्या ‘सायलेंट हिल’ या भुताटकीच्या व्हिडिओ गेममधलं धुकं ही मुळात नाइलाजाची सोय होती. पहिल्या प्लेस्टेशनला दूरवरचं अख्खं गाव रंगवणं झेपत नव्हतं, म्हणून कोनामी कंपनीच्या मंडळींनी ते धुक्यात गुंडाळलं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्यात भर घालायचा. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या छटा पडद्यावर एकमेकींत मिसळायच्या आणि समोरून येतंय ते माणूस की आणखी काही, याचा पत्ता लागायचा नाही.

मग एचडी आलं, आणि साफसफाईचा सोस.

२०१२ साली ‘सायलेंट हिल २’ची चकचकीत आवृत्ती निघाली. धुकं इतकं विरळ झालं, की तळ्याचं पाणी मध्येच कापल्यासारखं संपतं, हे उघड दिसू लागलं. मूळ खेळात ती कड बिचारी अब्रू झाकून होती. खेळातल्या रँचच्या पाटीवर तर कॉमिक सॅन्स! नरकाच्या वेशीवर बारशाच्या आमंत्रणाचं अक्षर. कारणही खासच: मूळ खेळाचा अंतिम सोर्स कोडच हाताशी नव्हता.

आताच्या ओएलईडी पडद्यावर काळा म्हणजे काळाच, कारण तिथला पिक्सेल चक्क विझतो. भुतांची केवढी सोय! पण खेळ सुरू होताना ‘खूण जेमतेम दिसेल इतकाच ब्राइटनेस ठेवा’ अशी सूचना येते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात बसलेला खेळाडू ब्राइटनेसची पट्टी पार टोकाला नेतो. काळोखाची राख होते. काही शौकीन त्याही पुढचे. लाखाचा टीव्ही घेतात आणि जुन्या डब्यासारख्या आडव्या रेघा दिसाव्यात म्हणून त्यावर सीआरटी (पिक्चर ट्यूब) फिल्टर लावतात.