अडकित्त्याचा होल्स्टर

लेकीकडे डेन्व्हरला गेलं की पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा डिशवॉशरची बटणं शिकण्यात, आणि तिसऱ्यापासून माणूस खिडकीत बसून समोरच्यांची गराजं न्याहाळू लागतो. आमच्या समोरच्या गराजचं दार सकाळी नऊला उघडायचं ते दिवेलागणीपर्यंत उघडंच. आत एक टोपीवाले आजोबा लाकडी घोडीवर मांड ठोकून बसलेले, आणि दोन्ही हात पंखांसारखे फैलावताहेत, मिटताहेत, पुन्हा फैलावताहेत. हिचं निदान होतं की योगासनं चालली आहेत. मी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी रस्ता ओलांडला. ते शिवत होते.

काय, तर पिस्तुलाचा होल्स्टर. ह्या वस्तूला मराठीत काय म्हणावं हा प्रश्नच आहे. म्यान म्हणावं तर तलवार आठवते, पाकीट म्हणावं तर महिनाअखेर. तेव्हा होल्स्टरच. आजोबा जन्मभर विजेच्या खांबांवर चढून निवृत्त झालेले, मी बँकेच्या काउंटरमागून. दोन पेन्शनरांना बोलायला भाषा फारशी लागत नाही. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि माझा हिवाळा सुटला.

माझं ह्या विषयातलं ज्ञान सगळं मॅटिनीचं. कमरेखाली लोंबणारा पट्टा, मांडीला आवळून बांधलेला होल्स्टर, वर वळवळणारी बोटं. आजोबांनी त्यावर पहिल्याच दिवशी पाणी ओतलं. त्यांच्या भिंतीवर जुन्या फोटोंच्या प्रती होत्या. त्यांतल्या खऱ्याखुऱ्या गुराख्यांचं पिस्तूल चांगलं कमरेवर, मुठीपर्यंत कातड्यात बुडालेलं. बरोबरच आहे. दिवसभर घोड्यावरून गुरं हाकायची, तर ते झटकन निघण्यापेक्षा वाटेत पडू नये ही काळजी मोठी. मांडीला बांधायची टूम सिनेमावाल्यांनी रूढ केली. बरं, 1881 साली टूमस्टोनला ती सुप्रसिद्ध ओ. के. कोरलची चकमक झाली, तिचा नायक वायट अर्प. त्याने स्वतः नंतर कोर्टात सांगितलं की पिस्तूल ओव्हरकोटच्या खिशात होतं! म्हणजे आपण ज्याच्यासाठी शिट्ट्या मारल्या तो ऐन वेळी रुमालासारखं खिशातून काढत होता.

हे होल्स्टर करायचे खोगीरवाले. खुद्द डेन्व्हरमध्ये हायझर नावाच्या खोगीरवाल्यांचं नामांकित दुकान होतं. त्यांचे जुने होल्स्टर आता शौकीन शोधत फिरतात. ‘खोगीरभरती’ हा शब्द मी बँकेत तीस वर्षं सढळ हाताने वापरला, पण खोगीर उलटं करून त्यात काय भरतात ते ह्या गराजमध्ये पाहिलं.

आजोबा करायचे तो घाट ‘मेक्सिकन लूप’ नावाचा. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरबरोबर धातूच्या काडतुसांचे रुंद पट्टे आले. आधीचे सडपातळ होल्स्टर त्यांवर बसेनात. मग एकाच मोठ्या तुकड्यात पुढे खिसा आणि मागे रुंद पदर कापायचा, पदर दुमडून मागे घ्यायचा, त्याला चिरा द्यायच्या आणि खिसा त्या चिरांतून ओवायचा. मागे राहते ती पट्ट्यासाठीची जागा. बायका नऊवारीचा काष्टा ज्या सफाईने मागे खोचतात, अगदी त्या चालीची युक्ती.

एक दिवस त्यांनी विचारलं, तुम्हाला करायचाय? मी हो म्हणालो. मग विचारलं, कुठलं पिस्तूल आहे?

आली का पंचाईत. माझ्या हाती आजवर पिस्तूल आलं ते दिवाळीत टिकल्या फोडायचं. होल्स्टर तर नेमक्या वस्तूभोवती बेतायचा असतो. हवेभोवती कातडं कसं बेतणार? मी घरी गेलो आणि आईचा पितळी अडकित्ता घेऊन आलो. आजोबांनी तो उघडला, मिटला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि दबक्या आवाजात विचारलं की ह्याने नक्की काय कापतात? सुपारी म्हटल्यावर त्यांना ती काय असते ते सांगायला अर्धा तास गेला. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

पण अडकित्त्याला त्यांनी पिस्तुलाइतकाच मान दिला. तोंड खाली, दांडे वर ठेवून कागदावर आखला. कातडं निवडताना मी जाडी विचारली तर म्हणाले, आठ औंस. मला वाटलं माझं इंग्रजी घसरलं. पण तिकडची रीतच तशी. चौरस फुटाच्या वजनावरून जाडी सांगतात, औंसाला इंचाचा चौसष्टावा भाग. म्हणजे आठ औंस झाले सव्वातीन मिलीमीटरच्या आत-बाहेर. कातडं सालींच्या अर्कात कमावलेलं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, तिकडे ओकची साल. कातडं ‘कमावतात’, शरीर ‘कमावतात’ आणि पैसाही ‘कमावतात’. पहिल्या दोन्हींना मेहनत लागते हे मी बँकवाला म्हणून सांगू शकतो.

खरी गंमत शिवणीत. कातडं घोडीच्या जबड्यात धरायचं, आरीने तिरकं भोक पाडायचं, आणि एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी त्याच एका भोकातून पार करायच्या. मग हात फैलावून ओढायचं. हेच ते योगासन. एक दोरा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. यंत्राचा टाका एकदा सुटला की उसवत जातो. दुसरी सुई घालताना ती पहिल्या दोऱ्यातच घुसली की संपलं, ना पुढे ना मागे. माझी दर चौथ्या टाक्याला घुसायची. इंचाला सहा टाके, आणि पहिल्या दुपारी माझे झाले दोन इंच.

ओढता ओढता मला आमच्या गावच्या स्टँडसमोरचे चांभारकाका आठवले. तुटलेल्या वहाणेसाठी एका पायावर उभं राहून मी ते काम शंभरदा पाहिलं असेल. त्यांच्या आरीच्या टोकाला बारीक खाच. आरी घुसली की खालून दोरा पकडून फास वर आणायची, फाशातून दुसरं टोक जायचं आणि टाका बसायचा. घोडी नाही, सुया नाहीत. पायाचा अंगठा हाच त्यांचा जबडा. चार आण्यांत. ती रापी, ती आरी एकदा हातात घेऊन बघावी असं मला तेव्हा फार वाटायचं, पण आमच्या घरी ते खपलं नसतं. पाहून घरी गेलो तरी आजी आधी पाय धुवायला लावायची. आरी धरायला मला पासष्टी गाठावी लागली आणि दोन विमानं बदलावी लागली. हे आजोबांना सांगावंसं वाटलं, पण सुपारी समजावतानाच माझं इंग्रजी संपलं होतं.

शिवण झाल्यावर कातडं पाण्यात बुडवलं. अडकित्ता स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत बसवला आणि हाडाच्या पट्टीने दाबत, घोटत त्याचा आकार वर काढला. रात्रभर वाळलं तर अडकित्त्याची बिजागरी बाहेरून ओळखू येत होती. मग कडा लाकडी दांड्याने घासून काचेसारख्या केल्या आणि तेल चोळलं. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, हे हिला सांगायची घाई मी केली नाही.

शेवटी परीक्षा. आजोबांनी होल्स्टर उलटा धरून जोरात झटकला. अडकित्ता जागचा हलला नाही. त्यांनी टोपी काढली. शिवणीची मागची बाजू पाहिल्यावर पुन्हा घातली.

आता तो इथे साताऱ्याला माझ्या पट्ट्यावर असतो. जेवण झालं की मी झोपाळ्यावर टेकतो, कमरेला हात घालतो आणि ओढतो. तो निघत नाही. एका हाताने कातडं धरायचं, दुसऱ्याने दांडे हलवत हलवत वर घ्यायचे, असं करत एकदाचा तो बाहेर येईपर्यंत ही स्वयंपाकघरातून आपल्या जुन्या लोखंडी अडकित्त्याने कातरलेली सुपारी तळहातावर घेऊन समोर उभी असते.

“घ्या,” म्हणते, “काउबॉय.”