मोडीची किंमत

पुण्यात दुकान काढायचं तर किराणा मालाचं काढावं, औषधांचं काढावं, फार तर चकलीच्या भाजणीचं काढावं. ज्या दुकानात शिरल्यावर "इथे नेमकं मिळतं काय?" असा प्रश्न पडतो, ते काढू नये. माझं तसलं आहे. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पिठाची गिरणी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध. पाटीवर 'डिझाइन' असं लिहिलंय, त्यामुळे अधूनमधून कुणीतरी लग्नपत्रिका छापून मिळतील का म्हणून विचारायला येतं, आणि दळण टाकून थांबलेल्या बायका ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने मागतात.

खरी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारचं गिऱ्हाईक पितळी डबा उचलतं, उलटा करतं, तळावरची किंमत वाचतं, जपून परत ठेवतं आणि सोबतच्या माणसाला सांगतं, "हा आपल्या माळ्यावर आहे." अडकित्ता? माळ्यावर आहे. सोऱ्या? माळ्यावर. लाकडी काथवट? दोन आहेत, माळ्यावर. हे माळे मला एकदा बघायचे आहेत. दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या माळ्यावर जे जे असल्याचं मी ऐकलंय ते सगळं खरं असतं, तर कोथरूडमधल्या निम्म्या इमारती एव्हाना एकेक मजला खाली आल्या असत्या.

दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक अभ्यासू असतं. ते म्हणतं, "ह्याच्याहून चांगला केळकर म्युझियममध्ये आहे."

याला मात्र उत्तर नाही, कारण ते खरं असतं. राजा दिनकर केळकर संग्रहालय हा माझा धंद्यातला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी, आणि तिथे काहीच विकायला नाही ही देवाची कृपा. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो सुटला नाही, आणि 1975 मध्ये त्यांनी सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यात शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत. पण जीव अडकतो तो अडकित्त्यांत, दिव्यांत आणि टाचा घासायच्या पितळी वज्र्यांत. आता विचार करा, एक कवी दारात उभा आहे आणि घरातल्या बाईकडे तिचा अडकित्ता मागतो आहे. त्या काळच्या गृहिणींनी एक वेळ कविता ऐकून घेतली असती. ह्या माणसाने अडकित्ते मिळवले कसे, हे मला कुठलंही व्यवस्थापनशास्त्र शिकवू शकणार नाही. धंदा मंदावला की मी तिकीट काढून तिथे जाते आणि जळून परत येते.

माझ्यासारख्या दुकानदारांचा एक पोथीसारखा ग्रंथ आहे, तोही सांगून टाकते. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपला देश फिरून गेलं. खुर्च्या घडवण्यात दोघांचं जगभर नाव. त्यांनी सरकारला एक अहवाल दिला, आणि त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ह्या अहवालात कौतुकाचा मान मिळाला आहे तो साध्या लोट्याला, आपल्या तांब्याला. नुसतं छान म्हणून सोडलं असतं तर ते पाहुणे कसले? हा तांब्या घडवायला बसलं तर किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच केली. पाणी किती मावावं, उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा, डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, आत गरम काही असेल तर धरता येईल का, जमिनीवर टेकवताना आवाज कसा येतो. आणि शेवटाकडे दोन अस्सल प्रश्न: शेवटपर्यंतच्या वापराच्या हिशेबाने खर्च किती पडतो, आणि मोडीत घातला तर काय येतं?

हे वाचल्यावर माझी खात्री झाली की ईम्सबाई आमच्या आईला भेटून गेल्या होत्या.

आई भांडं घेते ती पद्धत हीच आहे. आधी बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग हातावर तोलायचं. काठावरून अंगठा फिरवायचा. आणि शेवटी, कोऱ्या करकरीत पातेल्याच्या दुकानदाराला विचारायचं, "मोडीला काय भाव घ्याल?" नव्या नवरीच्या मांडवात सोडचिठ्ठीचा कागद मागितल्यावर व्हावा तसा दुकानदाराचा चेहरा होतो. आई ढळत नाही. तिच्या हिशेबाने भांडं म्हणजे धातू घेऊन ठेवणं. मधली तीस-चाळीस वर्षं त्यात आमटी होते ती फुकट.

एकदा ती माझ्या दुकानात आली. मी तिला कौतुकाने एक ट्रे दाखवला. लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला, वर रेझिन ओतलेलं, आत सुकी फुलं. किंमत बाराशे. आईने टिचकी मारली. आवाज आला नाही.

"ह्याची मोड किती?"

"ह्याची मोड नसते, आई."

"म्हणजे हा खर्च झाला," असं म्हणून तिने तो जागेवर ठेवला.

नवरा त्या वेळी तिथेच होता. तो सहसा आईच्या बाजूने बोलत नाही, पण ह्या वाक्यावर त्याने जी मान हलवली ती मी विसरलेले नाही. कारण तो घरात एरवी विचारतो, "तू दुकान चालवतेस की मोड गोळा करतेस?" ह्याला कारण बंब.

वाईला एक जुना वाडा पाडायला काढला होता. मी गेले होते दाराच्या कड्या बघायला. अंगणात तांब्याचा बंब आडवा पडलेला, राखेची जाळी गायब, तोटीपाशी चिरलेला. मालक म्हणाले, "ताई, उद्या मोडवाला येतोय." ते ऐकल्यावर मी जे केलं त्याला धंद्याच्या भाषेत खरेदी म्हणत नाहीत. मोडवाल्यापेक्षा जास्त भाव दिला आणि बंब घेऊन एसटी गाठली. कंडक्टरने बंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही? मग एवढा मोठा कशाला?"

डिझाइनच्या कुठल्याही शाळेत हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. मी त्याला बंबाची रचना समजावायला गेले. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख. वरून जेवढं गार पाणी ओताल तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर. त्याने शांतपणे सामानाचं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "आमच्यात पण होता. माळ्यावर असंल."

बंब मी कसबा पेठेत तांबट आळीत नेला. तांबट पेशवाईपासून तिथे ठोकत आहेत. आळीत शिरण्याआधीच आवाज येतो आणि बाहेर पडल्यावरही कानात चालू राहतो, तिथली माणसं एकमेकांना "चहा घेणार का?" हेसुद्धा भांडण असल्यासारखं विचारतात. तिथे मठारकाम बघण्यासारखं असतं. गुळगुळीत हातोडीने शेजारी शेजारी एकेक ठोका घालत जायचं, एकही ओळ चुकवायची नाही. त्याने भांड्याला झळाळी येतेच, शिवाय पत्रा कडक होतो. शोभा आणि ताकद एकाच ठोक्यात. दुकानात मात्र त्याच मठारलेल्या घागरीवर बोट फिरवत लोक म्हणतात, "अहो, ही सगळीकडून चेपलीय. काही कमी कराल का?"

दुरुस्त होऊन आलेला बंब दुकानाच्या दारात उभा केला. त्यात दिवा बसेल का, कुंडी होईल का, छत्र्या ठेवता येतील का, सगळं विचारून झालं. पाणी तापेल का, हे फक्त एका आजोबांनी विचारलं. ते बराच वेळ बंबाजवळ उभे राहिले, चिपाडं घालायची की गोवऱ्या यावर मला सविस्तर सांगितलं, माझं ज्ञान तीन ठिकाणी दुरुस्त केलं आणि काहीही न घेता गेले. त्या दिवसाची सगळ्यात चांगली विक्री तीच, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने गल्ला मोजला.

फिरती सगळीच अशी असते असं नाही. सावंतवाडीला गेलं की जीव हलका होतो. चितार आळीत लाकडी आंबे, काजू, केळी अशी मांडलेली असतात की लहान मुलं चावून बघतात. मी एक आंबा हातात घेऊन उगीचच वास घेतला, तर दुकानातल्या मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "हो आंबो खावचो नाय हां." राजवाड्यात गंजिफा रंगवतात. ही कला विझत आली होती, ती सत्वशीलादेवी आणि शिवरामराजे भोसले यांनी विसाव्या शतकात राजवाड्यात आणून जगवली. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे हातात धरून खेळायचे. मी एक संच मोठ्या अभिमानाने काचेच्या कपाटात मांडला. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "हे चहाच्या कपाखाली ठेवायचे ना?" कूर्मावतारावर चहाचा कप! तशी पाठीवर ओझं घ्यायची सवय त्यांनाच, म्हणा.

कोल्हापुरी चपलेचं दुखणं वेगळं. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तेव्हा माझ्या दुकानात एकानेही चौकशी केली नाही. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशी चप्पल आणली, त्यावर गदारोळ उठला, भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून ती सुचल्याचं कंपनीने मान्य केलं, बातम्यांत लाखाच्या आसपासचा आकडा फिरला, आणि लोक माझ्याकडे येऊन चप्पल उलटी करून बघायला लागले. एका तरुणाने विचारलं, "मूळ प्राडाची कशी दिसते?" हीच मूळ आहे, बाळा. कोल्हापुरात मी कारागिराला म्हटलं होतं, "मामा, गिऱ्हाइकं म्हणतात नवी चप्पल चावते." त्यांनी टाका ओढता ओढता सांगितलं, "चावल्याबिगर वळख कशी व्हायाची?" हे वाक्य मी पुठ्ठ्यावर लिहून चपलांपाशी लावलं आहे. तक्रारी थांबल्या. बिगर चावणारी आहे का, अशी चौकशी मात्र सुरू झाली.

सगळ्यात अचाट प्रकार बिदरला. उदगीरवरून पुढे गेलं की लागतंच. बिदरीकाम म्हणजे जस्त जास्त आणि तांबं थोडं असा धातू. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. इथवर सगळं करड्यावर करडं, नक्षी धड दिसतही नाही. मग जुन्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर गरम पाण्यात कालवून भांड्याला चोळतात. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी जशीच्या तशी पांढरी उजळून येते. पण कुठलीही माती चालत नाही. ऊन-पाऊस न लागलेल्या जागची लागते, आणि ती ओळखायची कशी? जिभेवर ठेवून. "ज़बान पे रखके देखना पड़ता, आपा," असं म्हणत उस्तादांनी चिमूटभर माती माझ्याही पुढे धरली. मी चाखली. खारट, आणि थोडी किल्ल्यासारखी.

एवढं सगळं करून तिथून आणलेलं एक अत्तरदान एका बाईंनी दुकानात हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाल्या, "काळं पडलंय हो. चिंच लावून बघा."

आईला मी बिदरीची हकीगत सांगितली तेव्हा तिला नवल वाटलं ते किल्ल्याचं नव्हे. "नवसागर होय? तो कल्हईला लागतो की," ती म्हणाली, आणि उठून तिने पातेली बाहेर काढली. तिच्या हिशेबाचा जो भाग मी इतकी वर्षं ऐकत नव्हते तो हा. पितळेच्या पातेल्याची मोड पक्की असते खरी, पण कल्हई उडाली की त्यात केलेली आमटी कळकते, भांडं वापरातून जातं आणि मग मोडीतच जातं. भांडं तापवून, नवसागर भुरभुरवून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं; पाव मिनिटात पातेलं चंद्रासारखं होतं. तेवढ्यावर ते पुढची कितीतरी आमटी सोसतं. ईम्स पतिपत्नींच्या यादीत कल्हईवाला असायला हवा होता.

सध्या अडचण अशी आहे की आमच्या भागात पूर्वी सायकलवरून येणारा कल्हईवाला बंद झाला, आणि आईची तीन पातेली, एक परात आणि दुकानातले सहा पेले तसेच पडून आहेत. तुमच्या भागात कुणी येत असेल, तर त्याला कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत पाठवा. पत्ता विचारताना पिठाच्या गिरणीचा विचारायचा. डिझाइनचं दुकान म्हटलं तर कुणी सांगणार नाही.