शॅलकाका

एक तरी शॅलकाका नाही अशी सोसायटी महाराष्ट्रात सापडायची नाही. आमचे काका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. सनद नाही, पण जन्मभर फायलींवर ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असं लिहून कायदा बोटांत उतरलाय, असं त्यांचं मत. काकूंचं मत वेगळं आहे. पण त्यांचा सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज काकांकडेच अडल्यामुळे ते सभेपुढे आलेलं नाही.

काखेत उपविधींचं पुस्तक, तेही इंग्रजी. मराठी प्रत कपाटात आहे, पण तिच्यात ‘शॅल’ नाही ना! ‘मे’ म्हणजे मर्जी, ‘शॅल’ म्हणजे सक्ती, हा काकांचा सिद्धांत. ‘इथं शॅल आहे!’ असं ते गरजले की चेअरमन मुकाट्यानं चहा सांगतात.

परवा दुसऱ्या मजल्यावरची वकील मुलगी म्हणाली, ‘‘काका, लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा म्हणून घटनेच्या 320 व्या कलमात शॅलच आहे. तरी मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात, 1957 साली, सुप्रीम कोर्टानं ते बंधनकारक धरलं नाही. शब्दाबरोबर कायद्याचा हेतू बघतात, नियम मोडला तर पुढे काय होईल तेही बघतात. साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीची 90 दिवसांची मुदत कोर्टानं 2005 मध्ये अपवादापुरती सैल केली. कमर्शियल दाव्यातली 120 दिवसांची मात्र 2019 मध्ये पक्की ठरवली. शब्द दोन्हीकडे शॅलच!’’

काका गप्प झाले. संपला सिद्धांत, असं आम्हाला वाटलं. कसचं काय! त्यांनी मुलीकडून सगळ्या निकालांची नावं वहीत उतरवून घेतली.

आता त्यांच्याकडे दोन जातींचे शॅल आहेत. थकबाकीदारांच्या व्याजाचा शॅल कमर्शियल, त्याला दयामाया नाही. त्यांनी स्वतः बाल्कनीला परवानगीविना ठोकलेल्या जाळीचा शॅल दिवाणी, तिथं हेतू बघायचा. त्यांची स्कूटर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दिसली आणि वॉचमननं हटकलं, तर ते एवढंच म्हणतात, ‘‘मनबोधनलाल!’’ वॉचमनला हे कुणी नवे सभासद वाटतात. त्यानं रजिस्टरात तशी नोंदही केलीय.

काही असो, सहकार कायद्यात सांगितल्याप्रमाणे आमची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, ती त्यांच्या धाकानंच. कमिटीच्या निवडणुकीत माझं मत काकांना.