टाकी काढू की ठेवू?

कोव्हेंट्री,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवरच बोललो असतो, पण ‘बॉयलर’ एवढा शब्द कानावर पडला की बाबा “कॅमेरा फिरव, गेज दाखव” म्हणतात. मग मी माळ्यावर वाकून उभा, आणि मागून आईचा आवाज, “अहो, तो जेवला का ते आधी विचारा.” म्हणून या वेळी कागदावर.

पत्रास कारण की, आमच्या घरातला बॉयलर म्हातारा झालाय. रात्री सुरू होताना असा खोकतो की धाकटी झोपेत “आजोबा आले?” म्हणते. सर्व्हिसिंगला आलेला माणूस म्हणाला, याचे पार्ट आता मिळत नाहीत, बदला. आणि बदलणारच असाल तर कॉम्बी घ्या. तेव्हापासून शेजारी, ऑफिसातले, शाळेच्या फाटकाशी भेटणारे आईबाप, जो तो कॉम्बी घ्या म्हणतोय. इथली माणसं शेजाऱ्याचा पगार, आजार, भांडण काहीही विचारत नाहीत. बॉयलर कोणता म्हणून मात्र बिनदिक्कत विचारतात, आणि मग छत्री मिटून तिथेच उभी राहतात.

बाबा, आत्ताची रचना तुम्हाला दोन वाक्यांत कळेल. बॉयलर स्वयंपाकघरात, वरच्या मजल्यावर एका कपाटात तांब्याचं १२० लिटरचं सिलिंडर, त्याच्या पोटात कॉइल, आणि छपराखाली माळ्यावर गार पाण्याची टाकी. बॉयलरचं पाणी कॉइलमधून फिरतं, सिलिंडरातलं पाणी तापतं, आम्ही अंघोळी करतो. कॉम्बी आला की सिलिंडर आणि टाकी दोन्ही भंगारात. भिंतीवर एक पांढरा डबा, नळ सोडला की तो पेटणार आणि थेट मेन लाइनचं पाणी तापवून देणार. आई, म्हणजे आपल्याकडचा गॅस गीझरच. फक्त तो खोल्यांतले रेडिएटरसुद्धा तापवतो, आणि तेवढ्यासाठी तीन हजार पौंड मागतो. आपले साडेतीन लाखांच्या आसपास. आकडा वाचून आईने काय तोंड केलं असेल ते मला इथून दिसतंय.

आईची दुसरी काळजीही ठाऊक आहे. दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने कोणीतरी गुदमरल्याची बातमी येते आणि ती कापून फ्रिजवर लागते. तसं इथे नाही. हा डबा ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर नळीने बाहेरच सोडतो. तरी मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय. आमटी करपली तर तो वाजत नाही, त्यासाठी वेगळा आहे. तो जवळजवळ रोज वाजतो.

आता हिशेब. बाबांनी शिकवल्याप्रमाणे कंपनीच्या चोपड्यावर विश्वास न ठेवता स्वतः मांडला. तीस किलोवॅटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी वाढवायचं असेल तर मिनिटाला साधारण १२ लिटर देतो. जानेवारीत मेनचं पाणी पाच अंशांवर असतं, म्हणजे नळाला चाळीस. एका माणसाला झकास. आईची बादली सव्वा मिनिटात भरेल. पण सकाळी साडेसातला इथे दोन बाथरूम एकदम चालू होतात आणि खाली हिची भांडी. तेच बारा लिटर तिघांत वाटायचे. थोरला आधीच अंघोळ टाळायला कारण शोधत असतो, ते आपण साडेतीन लाख भरून त्याला मिळवून द्यायचं.

उलट बाजूही सांगतो. आत्ताच्या शॉवरला दम नाही. टाकी माळ्यावर म्हणजे डोक्यापासून जेमतेम दोन मीटर वर, मीटरला ०.१ बार, त्यात केसातला शाम्पू निघत नाही. शिवाय माळ्यावरच्या टाकीचं पाणी इथे कोणी पीत नाही. प्रत्येक घराकडे टाकीत सापडलेल्या कबुतराची एक तरी गोष्ट असते. कॉम्बीत हे दोन्ही प्रश्न मिटतात, हे कबूल.

मग अडलंय कुठे? खरं सांगू का, अडलंय निगडीत.

बसवणारा माणूस सहज म्हणाला, “टाकी काढून टाकू, तुम्हाला माळ्यावर जागा होईल.” माझ्या पोटात गोळा आला. घरात पाण्याचा थेंब साठवलेला नाही, ही कल्पनाच मला करवेना. पवना धरण काठोकाठ भरो, रावेतहून पाणी उपसून निगडीच्या सेक्टर २३ ला शुद्ध होवो, आपल्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआडच. त्याआधी रोज यायचं, तरी आईने पिंप, कळशी, बादल्या आणि कुकर भरून ठेवणं सोडलं नव्हतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला एक गोरा पोऱ्या सांगतो की मेनमध्ये पाणी चोवीस तास असतंच की! असतं, मान्य. आम्ही इथे आल्यापासून एकदाही गेलेलं नाही. पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी अजूनही गावाला जाताना दोन बादल्या भरून जातो, आणि परत आल्यावर त्या तशाच असतात. ही काही बोलत नाही. तिचं माहेर चाकणचं, तिच्या घरी टँकरचा नंबर देवघरातल्या भिंतीवर लिहिलेला असायचा.

शेवटी ठरवलं, भावनेवर जायचं नाही. चाकणच्या लाइनवर क्वालिटीत जे शिकलो ते वापरायचं. रीतसर एफएमईए केला. काय बिघडू शकतं, किती गंभीर, किती वेळा होणार, आधी कळणार का, प्रत्येकाला दहापैकी गुण, तिघांचा गुणाकार, आणि तक्ता फ्रिजवर. ‘शॉवरला दाब कमी’ला मी सगळं धरून दीडशे दिले. संध्याकाळी बघतो तर खाली हिच्या अक्षरात नवी ओळ: ‘दही न लागणे.’

सिलिंडरचं ते कपाट कायम कोमट असतं. इंग्रज त्यात टॉवेल सुकवतात. आम्ही विरजण लावतो, डोशाचं पीठ आंबवतो आणि मटकीला मोड आणतो. सिलिंडर गेलं की कपाट थंड. हिने गांभीर्य १० दिलं. हिवाळ्यात रोजच घडणार, म्हणून तिथेही १०. आणि आधी कळणार नाही, सकाळी पातेल्यावरचं झाकण काढल्यावरच कळणार, म्हणून पुन्हा १०. हजारपैकी हजार! चाकणला असा आकडा आला असता तर लाइन थांबली असती आणि ग्राहकाकडे माणूस धावला असता. इथे ग्राहकच तक्ता भरत होता.

यानंतर मुद्दे हिच्या बाजूनेच येत गेले. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा बॉयलर कंडेन्सिंगच लागतो. धुरातली वाफ आतच गार करून तीही उष्णता वापरायची, आणि झालेलं पाणी बारीक नळीने बाहेर सोडायचं. उत्तम कल्पना. फक्त कडाक्याच्या थंडीत ती बाहेरची नळी गोठते आणि बॉयलर रुसून बंद पडतो. उपाय काय, तर नळीवर कोमट पाणी ओता. म्हणजे गरम पाण्याचं यंत्र चालू करायला आधी गरम पाणी हवं. आमच्या सिलिंडरात निदान विजेचा हीटर आहे, बॉयलर आडवा झाला तरी त्या दिवशीची अंघोळ होते. बाबा, तुम्ही हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या बॉयलर हाउसात स्टँडबाय पंपाशिवाय शिफ्ट घ्यायला तयार नसायचात. पेनिसिलिनच्या टाक्या निर्जंतुक करायची वाफ थांबून चालत नाही, असं म्हणायचात. दह्याचंही तसंच धरा.

शिवाय इथलं सरकार हल्ली गॅसपेक्षा हीट पंपाच्या मागे आहे. लावलात तर साडेसात हजार पौंड देतं. त्यासाठी रेडिएटर मोठे करावे लागतील, अंगणात जागा करावी लागेल, म्हणून एवढ्यात नाही. पण पुढेमागे लावला, तर त्याला गरम पाण्याचं सिलिंडर लागतंच. आज पैसे देऊन काढायचं आणि मग पैसे देऊन परत बसवायचं, हा व्यवहार मला आई समोर असताना तरी करता आला नसता.

तेव्हा ठरलं ते असं: बॉयलर नवा, टाकी आणि सिलिंडर जागच्या जागी. शॉवरसाठी एक छोटा पंप. बसवणाऱ्याला सांगितलं तेव्हा तो थोडा गप्प झाला. हिने त्याला ताक दिलं, कारण मात्र सांगितलं नाही.

बाबांचा आक्षेप मी आधीच लिहून टाकतो: “शंभर अंशाच्या आत पाणी तापवतो, वाफ नाही, २५ लिटरसुद्धा मावत नाही, कायद्याने हा बॉयलरच नव्हे.” बरोबर आहे. २०२५ साली नवा कायदा आला तरी तुमच्या तोंडी अजून १९२३ चाच असतो, हेही ठाऊक आहे. आणि “चिंचवडला थरमॅक्स असताना तिकडचा कशाला?” याचं उत्तर असं की त्यांचा सगळ्यात लहान बॉयलर आणला तरी आम्हाला बाहेर झोपावं लागेल. बाकी उलटसुलट चालूच आहे. कोव्हेंट्रीत जन्मलेल्या ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या आता चाकणला बजाजकडे बनतात, आणि चाकणचा माणूस कोव्हेंट्रीत टाकी वाचवत बसलाय.

एप्रिलमध्ये येताय ना? तोवर नवा बसलेला असेल. मुलांचे नमस्कार.

तुमचा,
लेक

ता. क. आई, हे सगळं यांनी लिहिलंय, पण टाकी ठेवायची हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांना एक विनंती, येताना तो मोठा पान्हा बॅगेत घालू नका. इथे गॅस सेफच्या रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूसच बॉयलर उघडतो, तुमचं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट चालणार नाही. पान्ह्याच्या वजनात कुर्डया बसतील.
तुमची सून