विजेचे दात कोण बघणार?

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात शिरलं की जळकोटच्या माणसातला परीक्षक जागा होतो. एका बाजूला देवणी, दुसऱ्या बाजूला लाल कंधारी. दोन्ही जाती आपल्याच शेजारपाजारच्या. तो दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, रुमालाखाली बोटं धरून भाव करतो आणि एवढं सगळं झाल्यावर ‘पुढच्या बाजाराला बघू’ म्हणून चहा प्यायला निघून जातो. असा हा चोखंदळ माणूस दुकान टाकतो तेव्हा फरशी निवडतो, काटा निवडतो, पाटीचा रंगसुद्धा निवडतो. वीज तेवढी निवडत नाही. ती खांबावरून येते आणि तिच्यामागून बिल येतं. बिल न चुकता येतं.

वीज मंडळाचं विभाजन होऊन ६ जून २००५ रोजी महावितरण वेगळी झाली. आमच्या बाजारपेठेत मात्र आजही ‘एमएसईबीचं बिल’च भरतात. पुरवठादार एकच असल्यावर त्याला काहीही म्हटलं तरी पत्ता चुकत नाही.

कागदावर निवड आहे बरं का. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅट किंवा त्याहून जास्त मागणी असलेल्यांना हव्या त्या विक्रेत्याकडून वीज घेण्याची वाट मोकळी केली. २०२२ च्या नियमांनी हरित विजेपुरती ती मर्यादा शंभर किलोवॅटवर आणली. एक फ्रीज, दोन पंखे आणि चार दिव्यांच्या किराणा दुकानाचा भार दोन किलोवॅट धरला, तर अशी पन्नास दुकानं झाली. आता पन्नास दुकानदार एकत्र आले तर काय होतं, हे ज्याने व्यापारी संघाच्या गणपतीची वर्गणी ठरताना पाहिलं आहे त्याला सांगायला नको. शिवाय कायद्याला तो सगळा भार एकाच ग्राहकाचा लागतो.

समजा, जमलं. तरी वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा. लातूरच्या आडतीवरचा सोयाबीनचा भाव दिवसातून एकदा कळला तरी आमच्या छातीत धडधडतं. त्यातून बाहेरची वीज घेतली तर तारांचं भाडं द्यायचं आणि वर क्रॉस सबसिडीचा अधिभारही. दुकानदार आणि कारखानदार चढा दर भरतात, त्यातून शेतीपंपाला हातभार लागतो; तो सोडून निघालात तर भरपाई देऊन जा, असा त्याचा हिशेब. मला हा हिशेब अन्यायाचा वाटत नाही. ज्याच्या मोटारीला दुकानदार हातभार लावतो, तोच शेतकरी रास होईपर्यंत त्याच्या वहीत उधारीवर असतो. एकाच माणसाला दोन वह्यांतून सांभाळायचं, एवढंच.

मुंबईच्या उपनगरांत ही निवड खरोखर झाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरच्या बाजूने निकाल दिला आणि २००९ पासून तार रिलायन्सची, बिल टाटाचं, असा संसार सुरू झाला. पुढे ती तार अदानींकडे गेली. नंतर मुलुंड, भांडुप, नवी मुंबई, पनवेल या भागांसाठी वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला गेला, त्यावरून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संपही केला. जळकोटचा परवाना मागायला कोणी रांगेत उभं असल्याचं ऐकिवात नाही.

निवडीचं माहेरघर बघायचं तर टेक्सासला जावं लागेल. तिथे १ जानेवारी २००२ पासून घराला आणि दुकानाला वीज विकायला कंपन्यांची चढाओढ आहे. बारा महिन्यांचा दर, छत्तीस महिन्यांचा दर, रात्री फुकट, शनिवार-रविवारी फुकट. बाजारभावाप्रमाणे बदलणारा दरही होता. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक भाव युनिटला नऊ डॉलरवर गेला आणि तो दर घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिलं आली. मग जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरातले वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. कोणी स्वस्त कंपनी निवडली होती, कोणी हिरवी. अंधार सगळ्यांना एकच मिळाला, कारण खांब आणि तारा एकाच कंपनीच्या होत्या. वीज कुठे आहे हे कळायला लोक एका बर्गरवाल्याच्या ॲपमधला नकाशा बघत होते. ज्या भागात बर्गरचं दुकान उघडं, त्या भागात वीज असणार!

आमच्याकडे ॲप लागत नाही. लाइट गेली की समोरच्या दुकानातून आवाज येतो, ‘मालक, तुमची हाय का?’ तीन फेजचं कनेक्शन असलेला दुकानदार उठतो आणि दिवे चालू फेजवर टाकतो. लाल गेला तर पिवळा, पिवळा गेला तर निळा. पुरवठादार निवडता आला नाही तरी फेज निवडायला आम्ही कधीच शिकलो. तिन्ही गेले की मग निवड उरते ती लाइनमनला फोन कोणी करायचा याची. वळवाच्या पावसात, विजा चमकत असताना खांबावर चढणारा तो माणूस कुठल्याच दरपत्रकात नसतो. माझ्या मते वीजपुरवठा म्हणतात तो मुळात तोच करतो. बाकीचे बिल पाठवतात.

तेव्हा दुकानदारहो, उद्या कोणी गुळगुळीत कागद घेऊन ‘युनिटमागे एवढे पैसे कमी’ म्हणत गल्ल्यासमोर येऊन बसला, तर चहा जरूर पाजा. पण सही करण्याआधी विचारा: हा दर किती महिन्यांचा, त्यानंतरचा कोणता, मधेच सोडलं तर दंड किती आणि रात्री डीपी उडाली तर खांबावर कोण चढणार? शेवटच्या प्रश्नाला त्याने टोल फ्री नंबर दिला, तर ‘पुढच्या बाजाराला बघू’ म्हणा.